गव्यांची वाट आणि अमेरिकेहून आलेला माळा

दिवाळीला भाचा अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्या दोन बॅगांपैकी एकीत कपडे नव्हतेच. ॲल्युमिनियमच्या दोन चौकटी एकमेकींवर पालथ्या ठेवून पट्ट्याने आवळल्या होत्या आणि मधल्या पोकळीत अक्काने मागवलेले बदाम कोंबले होते. अक्काने आधी बदाम काढून घेतले, मग विचारलं, “आणि ह्ये काय रं? खाटंचं पाय?”

“माळा हाय, आई. झाडावर चढायचा.”

अक्का माझी थोरली बहीण. दाजींचं शेत राधानगरीच्या पुढं, फोंडा घाटाच्या रस्त्यापासून आत, रानाला अगदी खेटून. अडीच एकर ऊस, दीड एकर भात, वरच्या तुकड्यात नाचणी. चार-पाच वर्षं झाली, भात पोटरीला आलं की गवे उतरायला लागतात आणि ऊस तुटेपर्यंत त्यांचा फेरा चुकत नाही. गवा ऊस खातो त्यापेक्षा लोळवतो जास्त. कळप एकदा सरीत शिरला की सकाळी तिथं चार-पाच गुंठ्यांचं अंगण झालेलं असतं. त्यामुळं दाजी पिढीजात पद्धतीनं माळ्यावर राखणीला असतात. चार मेढी, वर कामट्यांची ताटी, गवताचं छप्पर, हाताशी पत्र्याचा डबा, बॅटरी आणि गोफण. गेल्या माघात त्यातली एक मेढ वाळवीनं आतून पोकळ झालेली कळली नाही. माळा रात्री दीडच्या सुमारास एका अंगावर बसला आणि दाजींचं मनगट मोडलं. माळा जेमतेम सात फूट उंच होता. नऊ किंवा दहा फूट असता तर मनगटावर भागलं असतं असं मला वाटत नाही.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. शेड, जिने, पाण्याच्या टाक्यांचे टॉवर, कारखान्यातल्या कॅटवॉक, म्हणजे उंचावरच्या अरुंद लोखंडी वाटा. माणूस उंचावर जातो आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांनी खाली उतरतो, एवढ्यावर माझं घर चालतं. म्हणून घरात प्रश्न माझ्याकडं आला: नवा माळा बांधायचा, की भाच्यानं आणलेला हा वापरायचा? आणि दुसऱ्याच दिवशी गावातले आठ-दहा जण बघून गेले. त्यांनी विचारलं, “असलं आमाला करून देणार काय? पैशाचं बघू.” म्हणजे एका घरासाठी जे ठरणार होतं ते पुढं दहा घरांच्या बांधावर उभं राहणार होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे.

हा माळा कुठला, कशासाठी

भाचा विस्कॉन्सिनमध्ये नोकरी करतो. तिथं पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना काढून करता येते. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात नऊ दिवसांचा. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं आणि बंदुकीच्या हंगामात अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालावेच लागतात. हा कंपनीतल्या मित्रांबरोबर गेला. बंदूक काही त्याला मानवली नाही, झाडावर बसणं मात्र मनापासून आवडलं. तिथल्या सरकारी रानात झाडाला खिळा किंवा स्क्रू मारायला मनाई आहे. त्यामुळं पाठीवर न्यायचा, खिळ्याविना चढायचा आणि संध्याकाळी काढून आणायचा असा हा क्लाइंबिंग स्टँड तिकडं रुळला. भाच्यानं एकाकडून वापरलेला विकत घेतला.

तो चढतो कसा हे सांगायला सोयाबीनवरच्या उंटअळीसारखं दुसरं उदाहरण नाही. अळी मागचा भाग पुढं ओढते, तो रोवते, मग पुढचा भाग टाकते. इथं खालची चौकट पायांची, वरची बसायची. दोन्हींच्या बुंध्याकडच्या टोकाला दाते असलेली व्ही आकाराची खाच आहे आणि तिथून निघालेली वायररोप बुंध्यामागून वेढा घालून परत येते. बाहेरच्या टोकावर वजन पडलं की समोरून खाच सालीत रुतते, मागून दोर ताणला जातो आणि बुंधा त्या दोघांच्या कचाट्यात सापडतो. बाहेरचं टोक उचललं की पकड सुटते. खालच्या चौकटीवर उभं राहायचं, वरची उचलून फूटभर वर टेकवायची, तिच्यावर बसायचं, पायातल्या पट्ट्यांनी खालची वर ओढायची. पुन्हा तेच. भाचा आठ-दहा मिनिटांत पंधरा फूट जातो.

मला ही युक्ती पहिल्या नजरेत आवडली, हे कबूल करतो. ना नट, ना बोल्ट, माणसाच्या वजनानेच माणसाला धरायचं. पण ज्या वजनानं ती धरते ते हललं की ती सोडतेही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलून घेतली, कारण एकानं विचारलंच होतं, “वर बसून डुक्कर पाडायला बरं पडंल की!” संस्थानाच्या काळात दाजीपूरचं रान राजघराण्याच्या शिकारीचं होतं. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, पुढं राधानगरी अभयारण्य म्हणून वाढून साडेतीनशे चौरस किलोमीटरचं झालं, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. मारण्याचा प्रयत्न, सापळा, आमिष, शिकारीसाठी हाका घालणं, सगळं त्यात येतं. मी सांगितलं, माळा आपल्या मालकीच्या बांधावर लागेल, वर बसणाऱ्याच्या हातात बॅटरी आणि फोन असेल, आणि वनरक्षकाला आधी कळवलं जाईल. हे मान्य नसेल त्यानं माझ्याकडं येऊ नये. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

निलगिरीवरची संध्याकाळ

स्टँडच्या पट्टीवर लिहिलेलं होतं: बुंध्याचा व्यास आठ ते वीस इंच, एकूण भार तीनशे पौंड, म्हणजे १३६ किलो. भार माणसासकट सगळ्याचा, घोंगडं आणि जेवणाचा डबा धरून. दाजी शहाण्णव किलो, म्हणजे वजनाची अडचण नव्हती. झाड सरळ हवं, पंधरा-वीस फुटांपर्यंत फांदी नको. आता आमच्या बांधावर ही अट लावून बघा. आंबा आणि फणस कमरेपासून फुटलेले. जांभूळ दोन खोडांचं. उंबर गाठाळ. सावर सरळ आणि देखणी, पण अंगभर काटे आणि लाकूड भुसभुशीत. नारळ म्हणाल तर सरळ, पण डोक्यावर नारळ घेऊन कोण बसणार? राहिली ओढ्याकडची तीन निलगिरीची झाडं. काठीसारखी सरळ, एक फांदी नाही. माहितीपत्रकातल्या चित्रात असावं तसं झाड. घेर चौतीस इंच, म्हणजे व्यास पावणेअकरा. सगळं बसत होतं.

मला तिथंच थांबायला हवं होतं. निलगिरी दरसाल साल टाकते. वरून पट्टे सुटतात, आतलं अंग गुळगुळीत निघतं. दाते सालीत रुततात ते झाडात रुतलेले नसतात.

दुसरी चूक माझीच. दोन्ही चौकटी एकमेकींना जोडणारा एक पट्टा असतो. खालची चौकट पायातून निसटली तर ती त्या पट्ट्याला लोंबकळते आणि माणूस पायाने ती परत ओढून घेतो. वापरलेल्या स्टँडबरोबर तो पट्टा आलाच नव्हता. भाचा म्हणाला, “मामा, पट्ट्याचं काय करायचं?” मी गाडीतली नायलॉनची दोरी काढली आणि दोन गाठी मारून दिली. गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या पाइपवर नायलॉनची साधी गाठ. वर्कशॉपमधल्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला काम थांबवायला लावलं असतं.

चढताना काही झालं नाही. झालं ते उतरताना. भाचा अकरा फुटांवर होता, वरच्या चौकटीवर बसून त्यानं पायांनी खालची सोडवली, खाली सरकवली आणि टेकवून तिच्यावर भार टाकला. हातभर लांबीचा सालीचा पट्टा दात्यांबरोबर सोलून निघाला, अगदी केळ सोलावं तसा, आणि चौकट बाहेरच्या टोकाने वर उसळून पायांतून निसटली. दोरी ताणली गेली, गाठ पाइपवरून सरकली, सुटली. खालची चौकट माझ्यापासून चार फुटांवर दाणकन पडली.

तो वरच्या चौकटीवर बसलेला. पाय मोकळे लोंबकळताहेत. खाली यायला काही नाही.

तो पडला नाही याची दोन कारणं. घाबरून उठायचा प्रयत्न त्यानं केला नाही, आणि अंगात पूर्ण हार्नेस होता, खांदे, छाती आणि दोन्ही मांड्यांना पट्टे असलेला, त्याचा दोर डोक्याच्या वर बुंध्याला बांधलेला. चढायच्या आधी दाजी त्याला म्हणाले होते, “त्ये जू कशाला घालतूयास, काढ की.” त्यानं काढलं नाही. मी त्याला खालून एकच सांगितलं: हलू नकोस, दोर ताणलेला ठेव, आणि खाली कुणी उभं राहणार नाही. घरातून चौदा फुटी बांबूची शिडी येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. शिडी बुंध्याला बांधली, मी वर गेलो, त्याचे पाय पायरीवर घेतले आणि दोर एकेक वीत खाली सरकवत त्याला उतरवलं.

पंधरा मिनिटं तो बसलेला होता म्हणून ती निभावली. हार्नेसमध्ये नुसता लोंबकळला असता तर गोष्ट वेगळी. मांड्यांचे पट्टे आवळतात, पायांतलं रक्त वर यायला अडतं, आणि थोड्या वेळात माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून हार्नेसला पायाखाली घ्यायचा एक वेगळा फास असतो. त्यात पाय रोवून उभं राहिलं की मांड्या सुटतात. तो फास त्याच्या खिशात घडी करून होता, लावलेला नव्हता. आता तो कायम कंबरेला बाहेर असतो.

अक्का त्या संध्याकाळी कुणाशी बोलली नाही.

वर्कशॉपमध्ये

दुसऱ्या दिवशी दोन्ही चौकटी उद्यमनगरात आणल्या. वायररोपवर कापसाचा बोळा फिरवला. तुटकी तार असेल तर कापूस अडकतो. कुठं अडकला नाही. जोडांवर लाल डाय मारून, पुसून, पांढरी पावडर फवारली. भेग असेल तर लाल रेघ उमटते. उमटली नाही. पण दोर लॉक करायच्या चार पिनांपैकी एका जागी वाकवलेला खिळा होता. आधीच्या मालकानं पिन हरवल्यावर घातलेला. भाचा वर्षभर त्या खिळ्यावर विसंबून विस्कॉन्सिनच्या झाडांवर बसला होता आणि त्याला माहीत नव्हतं. वापरलेला माल घेणाऱ्यानं पहिल्यांदा काय बघावं असं मला कुणी विचारलं तर मी रंग किंवा वजन सांगणार नाही. मूळचा प्रत्येक पट्टा आणि प्रत्येक पिन जागेवर आहे का, हे मोजा.

पिन बदलली. जोडपट्टा शिवून घेतला, इंचभर रुंद वेबिंगचा, म्हणजे विणलेल्या नायलॉन पट्टीचा, दोन्ही टोकांना कॅराबिनर, म्हणजे मिटणारी कडी, गाठ कुठंच नाही. लांबी अशी की खालची चौकट निसटली तरी भाच्याच्या पायाच्या बोटांना लागावी. मग वर्कशॉपच्या खांबाला ऐनाच्या झाडाचं ओंडकं उभं बांधून दोन्ही चौकटींवर आळीपाळीने दोनशे किलोच्या प्लेटा रात्रभर ठेवल्या. सकाळी मोजपट्टी लावली, काही हललं नव्हतं.

यानंतर प्रश्न त्या आठ-दहा ऑर्डरींचा. माझ्या फोरमननं कागदावर हिशेब मांडला होता: एमएस पाइप, म्हणजे साध्या पोलादाचा, चार दिवसांचं काम, चांगले पैसे. मी तो कागद दोन दिवस ठेवला आणि मग नाही म्हणालो. पोलाद ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ तिप्पट जड. तोच पाइप लोखंडात केला तर नऊचे पंचवीस-सव्वीस किलो होतात, आणि पाठीवर न्यायची, पायांनी वर ओढायची ही वस्तू मग पायांनी ओढवत नाही. पाइप बारीक केला तर भिंत पातळ होते आणि गंज आतून खातो. पावसाळ्यात आमच्याकडं जो पाऊस पडतो त्यात बाहेरून रंग शाबूत आणि आतून चाळण, असं मी कितीदा पाहिलंय. ॲल्युमिनियममध्ये करावा तर जोडाजवळचा धातू आर्गॉन वेल्डिंगच्या उष्णतेनं मऊ पडतो, मूळ ताकद बरीच जाते, आणि ती भरून काढायला पुन्हा उष्णता-प्रक्रिया लागते. हे कारखान्यात जमतं. माझ्याकडं ना ती भट्टी, ना नमुने तोडून बघायचं यंत्र. तिकडं अशा स्टँडना ठरावीक मानकांच्या चाचण्या होतात, आमच्या बांधावर चाचणी म्हणजे कुणाचा तरी मुलगा.

शिकारी आणि राखणदार

या सगळ्यात खरा उलगडा झाला तो वर्कशॉपमध्ये नाही, जेवताना. दाजी भाच्याला विचारत होते, “तिथं रातीला झोप आली तर?”

“रात्री बसतच नाही, आबा. पहाटे जायचं नाहीतर दुपारी. तीन-चार तास. अंधार पडला की खाली.”

“मग राखण कवा?”

भाचा गप्प झाला. मीही. आम्ही दोघं आठवडाभर पकड, पिना आणि बुंध्याचे व्यास मोजत होतो. ही वस्तू बनवणाऱ्याच्या मनात कोण माणूस होता हे विचारलंच नव्हतं. त्याच्या मनातला माणूस हरणाला कळू नये म्हणून बसतो. त्याला आवाज नको, वास नको, हालचाल नको, म्हणून बैठक अरुंद, खाली करकर न करणारी, रंग सालीसारखा. तीन तास ताठ बसतो आणि घरी जाऊन झोपतो. दाजींना गव्याला कळवायचं असतं की इथं माणूस आहे. डबा वाजवायचा, हाळी द्यायची, बॅटरी फिरवायची, आणि मधे दोन तास घोंगडं ओढून पडायचं. अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे, एक मोडून जुळलेलं मनगट. दहा इंच रुंद बैठकीवर रात्रभर हार्नेसमध्ये त्यांना बसवणं हा अन्याय झाला असता.

मग भाचा ज्या इतर तऱ्हा सांगत होता त्यांच्याकडं आम्ही वेगळ्या नजरेनं पाहिलं. झाडाला टेकवून बांधायची लांब शिडी आणि वर बाक, ती उचलायला दोन माणसं. बुंध्याला बांधायच्या छोट्या काठ्या आणि वर टांगायचं फळकूट. कापडी खोगीर, ज्यात माणूस दोराला टांगून बसतो. आणि तीन पायांचा उभा मचाण, ज्याला झाडच लागत नाही. शेवटचं ऐकल्यावर दाजी हसले. “म्हंजी माळाच की आपला.”

तेव्हा ठरलं ते असं. राखणीसाठी पक्का लोखंडी माळा मी करणार. आणि भाच्याचा स्टँड ज्यासाठी बनला आहे त्याच कामाला लावायचा: काही संध्याकाळी, दोन-दोन तास, आवाज न करता, वेगवेगळ्या झाडांवरून बघायला. कारण एक गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. गवे नेमके शेतात शिरतात कुठून? दाजींचा जुना माळा ओढ्याच्या कोपऱ्यावर होता, वडिलांच्या वेळेपासून. तरी नुकसान दरवेळी मागच्या अंगाला. पक्का माळा एकदा रोवला की हलवता येत नाही, मग तो कुठं रोवायचा हे आधी कळायला हवं. हलता माळा त्यासाठी हवा होता.

ऐन

या वेळी झाड आधी निवडलं. दोन दिवस मी आणि दाजी बांधांवरून फिरलो, हातात टेप आणि कोयता. मेलेलं झाड नको, कलतं नको, वेलींनी जखडलेलं नको, मधमाश्यांचं पोळं आहे का ते वर बघायचं, ढोली असेल तर ठोकून आवाज ऐकायचा. वरच्या तुकड्याच्या कडेला दोन ऐन उभे होते. ऐनाची साल ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको: मगरीच्या पाठीसारखी, खोल चौकोनी भेगांची, हाताला खरखरीत. अठरा फुटांपर्यंत फांदी नाही. दाते त्या भेगांमध्ये असे बसतात की काढताना टोक नीट उचलावं लागतं.

छातीच्या उंचीला घेर सेहेचाळीस इंच, शिडी लावून सोळा फुटांवर मोजला तर सदतीस. म्हणजे व्यास साडेचौदा इंचांवरून पावणेबारावर येतो. हे मोजणं महत्त्वाचं, कारण खाली अगदी लेव्हलमध्ये बांधलेली चौकट वर गेल्यावर बाहेरच्या अंगाला कलते. बुंधा बारीक झाला, दोराचा वेढा तेवढाच. म्हणून जमिनीवर बांधतानाच बाहेरचं टोक वीतभर उंच ठेवायचं. वर पोचेपर्यंत ते सपाटीला येतं. आम्ही ते पहिल्यांदा तीन फुटांवर करून पाहिलं. तीन फुटांवर दहादा चढ-उतर, मग सहा फुटांवर. निलगिरीच्या वेळी ही पायरी आम्ही गाळली होती.

हार्नेसचा दोर जमिनीपासूनच बुंध्याला. चढताना एकेक हात वर सरकवायचा, बसल्यावर डोक्याच्या वर, इतका आखूड की बसल्या जागी जेमतेम सैल राहावा. पाण्याची बाटली, दुर्बीण, बॅटरी खाली ठेवायची आणि वर बसून सुतळीनं ओढून घ्यायची. फोन छातीच्या खिशात, चेन लावून. खाली कोणी ना कोणी हाकेच्या अंतरावर.

पहिल्या संध्याकाळी एक शेकरू त्याच्यावर वीस मिनिटं ओरडत राहिलं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी वारा त्याच्या पाठीकडून रानात जात होता, आणि रान रिकामं राहिलं. तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्या ऐनावर गेला, वारा तोंडावर घेऊन.

सहाच्या सुमारास सूर्य गेला. पुढचं त्याच्याच शब्दांत मला माहीत आहे, कारण त्यानं ते खाली आल्यावर तीनदा सांगितलं. आधी पांढरे मोजे दिसले. गव्याचं अंग काळं, अंधारात मिसळून जातं, पण गुडघ्याखालचे पाय पांढरे. दगड रचून केलेल्या गडग्याच्या पलीकडं ते पांढरे पाय एकामागं एक चालत आले आणि थांबले. गडगा मागच्या पावसात एका जागी ढासळलेला, जेमतेम दोन हात रुंद. पहिल्या गायीनं त्या खिंडारात डोकं घातलं, नाकपुड्या फुगवून वास घेतला, बराच वेळ. मग पाय टाकला. दगड खुळखुळला. तिच्यामागं सगळी. अकरा मोजली, त्यात दोन वासरं तांबूस. ओढ्याकडून एकही आलं नाही. दाजींचा माळा चुकीच्या दाराला राखण करत होता.

कळप त्याच्या झाडाखालून वरच्या तुकड्यात गेला आणि तिथंच रेंगाळला. भाच्यानं दाजींना मेसेज केला: “खाली आहेत. येऊ नका. मी बांधलेला आहे.” मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, अचानक समोर माणूस आला तर तो कुठं जाईल सांगता येत नाही. दाजींनी घरून डबा वाजवायचा मोह आवरला, कारण बुजलेला कळप त्याच खिंडारातून, त्याच झाडाखालून माघारी पळाला असता. भाचा सव्वाआठपर्यंत वर बसून राहिला. गवे आपसूक गेल्यावर आणखी पंधरा मिनिटं थांबला, मग बॅटरी चारी बाजूंना फिरवून उतरला. खालच्या चौकटीवर प्रत्येक वेळी भार टाकायच्या आधी पायाने दोनदा दाबून बघत होता. मी खाली उभा राहून ते दाबणं मोजत होतो.

पक्का माळा

लोखंडी माळा खिंडाराच्या समोर नाही रोवला. गवा अंग घासायला खांब शोधतो, आणि त्याच्या वाटेत उभी केलेली वस्तू तो वाटेतून काढतो. खिंडारापासून वीस पावलं बाजूला एक कातळ वर आला आहे, त्याच्या आडोशाला माळा उभा केला. चार पाय अँगलचे, चारी बाजूंना तिरपे बांध, पायथ्याला अडीच फूट खोल काँक्रीट. फळी दहा फुटांवर, कारण मोठ्या गव्याचा खांदाच साडेपाच-सहा फुटांना असतो. फळी सहा बाय चार, दाजींना आडवं होता येईल एवढी. भोवती साडेतीन फुटी कठडा, खाली सहा इंचाची पट्टी, म्हणजे झोपेत डबा किंवा पाय बाहेर जाणार नाही. शिडी उभी नाही, तिरपी, रुंद पायऱ्यांची, एका हाताने धरून चढता येणारी, कारण दाजींचा दुसरा हात अजून नीट मिटत नाही. झिंक प्रायमर दोन हात, पाइपची तोंडं वेल्डिंगनं बंद. ऑर्डरीसाठी आलेल्या आठ-दहा जणांना मी हाच आराखडा दिला. तिघांनी करून घ्यायचं ठरवलं आहे. मजुरी मी घेत नाही.

सौर कुंपणासाठी दाजींनी वनविभागाकडं अर्ज केला आहे. ते येईल तेव्हा येईल. तारेत थेट लाइन सोडणारे आमच्याकडंही आहेत. त्यात गवा मरतो आणि कधी पहाटे पाणी पाजायला गेलेला शेजारीही. ती तार दिसली तर मी त्या घराचं काम करत नाही.

पहिल्या रात्री साडेदहाला दाजींचा फोन आला. आवाज दबका. “पाव्हणं, आल्त्याती. खिंडारातच बॅटरी टाकली, डबा वाजीवला. माघारी फिरली बघा.”

“किती?”

“धा-अकरा. एक बारकं वासरू मागं ऱ्हायलं हुतं, ते बी गेलं.”

भाचा नाताळाच्या आधी परत गेला. स्टँड माझ्याकडं ठेवून गेला, पट्टे सैल करून, वायररोप तेल पुसून, सावलीत टांगलेला, कारण उन्हानं वेबिंग कुजतं. पुढच्या दिवाळीत वरच्या गावातल्या दोन घरांच्या बांधावरून गव्यांची वाट बघायची आहे, तेव्हा लागेल. जायच्या आदल्या दिवशी आम्ही ऐनाजवळ गेलो. दात्यांच्या खुणा सालीच्या भेगांतून जमिनीपासून सोळा फुटांपर्यंत ठिपक्यांसारख्या गेल्या होत्या. हाताला पोचतील तेवढ्या खुणांवर कुणीतरी शेण-मातीचा ओला हात फिरवलेला होता. अक्कानं. विचारलं तेव्हा ती म्हणाली, “त्यानं पोराला धरलं न्हवं का.”